खिडकीखालची गादी

"पाणी खिडकीतूनच येतंय," शिरीषने दुकानदाराला पुन्हा बजावलं. "नुसत्या भुरभुर पावसात सहलीभर वडिलांची गादी ओली! कॅम्पर व्हॅनला उघडणारी, पण न गळणारी खिडकी दाखवा."

"आधी जुनी तपासू," म्हणत दुकानदाराने बाहेरून काचेवर नळीची धार सोडली. "आत हात लावून बघा."

शिरीष व्हॅनमध्ये चढला. खिडकीलगतच्या गादीवर अप्पा बसले होते. सहलीच्या पहिल्याच सकाळी त्याने त्यांना सुनेसमोर, नातवंडांसमोर झापलं होतं, "खिडकी लावून झोपायला काय होतं तुम्हाला? लहान मूल आहात का?" उभ्या जन्मात कुणाचं ऐकून न घेणारे अप्पा मान खाली घालून म्हणाले होते, "चुकलं रे. उघडीच राहिली." मग शिरीषने स्वतः कडी लावली, तरी गादी भिजलीच.

आता त्याने खिडकीच्या रबरी पट्टीवरून बोट फिरवलं. टिपूसभर ओल नव्हती. अप्पांनी घाईघाईने चादर सारखी केली, तसा तिच्याखाली प्लास्टिकचा कागद चुरचुरला. घरातल्या दुसऱ्या कुणी तो अंथरला नव्हता.

शिरीषला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पा त्याच्याकडे बघेनात.

"काय साहेब, गळतेय का?" बाहेरून आवाज आला.

"गळतेय तर! धार लागलीय नुसती," तो ओरडला. "तुमची काही चूक नव्हती, अप्पा. खिडकीच भिकार निघाली."

आणि कोरडाच हात त्याने पँटला पुसला.