वाऱ्याची नोकरी

"आई, कंपनी विकली गेली. बाबा घरी येणार. कायमचे!"

ऋजुता दारातूनच ओरडली. सुलोचनाबाईंनी गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसल्या.

कंपनी पवनचक्क्यांची होती. तिच्या इंदूरच्या ऑफिसात ऋजुता सर्टिफिकेटं विकायची. वाऱ्यावर जेवढी वीज बने, तेवढी सरकारी सर्टिफिकेटं कंपनीला मिळत, आणि स्वच्छ विजेचा सरकारी नियम पाळायला दूरदूरचे कारखाने ती विकत घेत. पण गेल्या वर्षापासून त्यांना गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. मालकांनी कंटाळून सगळ्या पवनचक्क्या हैदराबादच्या एका कंपनीला देऊन टाकल्या. हैदराबादवाले आता तिकडूनच, कॉम्प्युटरवर लक्ष ठेवणार होते. देवासच्या टेकडीवरच्या ऑपरेटरांचं काम संपलं. ऋजुताचे बाबा, बाबूराव, त्यांतलेच एक.

बाबूराव आधी इंदूरच्या कापड मिलमध्ये होते. ती बंद पडली तेव्हा ऋजुता शाळेत होती. बाबूरावांनी टेकडीवरची नोकरी धरली. आधी दर शनिवारी यायचे. मग महिन्याने. मग दिवाळीला. देवास काही लांब नाही. पण इंदुरात, परदेशीपुऱ्यातल्या मिलच्या दोन खोल्यांत सुलोचनाबाई वाटच बघत राहिल्या. बातमी कळली त्याच दुपारी त्यांनी गादी पिंजायला दिली.

रविवारी ऋजुता वडिलांना आणायला गेली. ते टेकडीवरच्या खोलीबाहेर खाटेवर बसले होते. सामान बांधलेलं नव्हतं.

"नव्या साहेबांना चौकीदार पाहिजे," ते म्हणाले. "मी हो म्हटलं."

"बाबा! आई इतकी वर्षं वाट बघतेय तुमची."

"मिल बंद झाली तेव्हा कितीतरी महिने मी दारापुढच्या ओटल्यावर बसून काढले, बेटा. येणारेजाणारे बघायचे. परत नाही बसणार मी तिथे." मग म्हणाले, "तुझ्या आईला तेव्हाच म्हटलं होतं, चल माझ्याबरोबर. ती म्हणाली, मिल उघडेल. खोल्या सोडल्या तर परत कोण देईल?"

हे ऋजुताला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. ती एकटीच परतली.

घरी येऊन तिने सगळं सांगून टाकलं. सुलोचनाबाईंनी देवापाशी दिवा लावला, लेकीचं ताट वाढलं, स्वतःचं वाढलं नाही. ऋजुताला वाटलं, आता रडतील.

"तिथे टेकडीवर पाण्याची सोय काय आहे गं?" त्यांनी विचारलं.