जुन्या गड्याची पोरगी

तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत जुन्या खेळाडूच्या मुलीवर त्याच्या मंडळाचा पहिला हक्क असतो. माझी बायको आजारी पडली आणि गेली. त्या काळात आमच्या पोरीला, ज्ञानेश्वरीला, खेळ शिकवला तो नव्या मंडळाच्या दानीएल सरांनी. आज संघनिवडीत माझ्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला उभं केलं. “हा आमचा जुना गडी. पोरगी आमची.” सर म्हणाले, “आमचं मंडळ कालचं. आमच्या खेळाडूंची लग्नं व्हायचीत अजून. आमी संघाला पोरी कुठनं आणायच्या?” सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, “गोरक्ष, पोरीला खेळ कुणी दिला, सांग.” ज्ञानेश्वरी माझ्याकडे बघत होती. “रक्तातच हाय,” मी म्हणालो. टाळ्या पडल्या. सरांनी तिची नी-कॅप माझ्या हातात दिली. “उजवा गुडघा जपा. लई दुखतो, पण सांगत न्हाई ती.” मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असल्यासारखी मी मान हलवली.