ओढेवाले डॉक्टर

डॉ. हिंदुराव भिंताडे यांनी उभी हयात पुण्याचे ओढे तपासण्यात घालवली. गुडघाभर पाण्यात उतरायचे, दगड उलटून खालचे किडे बघायचे आणि ओढा जिवंत आहे की मेला ते सांगायचे. अख्ख्या शहरात त्यांना एकच ओढा धडधाकट सापडला, तो त्यांच्याच शेताच्या कडेचा.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना.

"आबा, आईला सांभाळीन," मुलगा अविनाश हात जोडून म्हणाला. कावळा भिंतीवरून हलला नाही.

"तुमची पुस्तकं कॉलेजला देईन." तरी नाही.

ऊन चढलं. पाव्हणे कुजबुजायला लागले. शेवटी आईच पुढे झाली.

"त्यांचा जीव कशात अडकलाय, ते ठाऊक हाय तुला. ओढा बुजवून टॉवर बांधणार नाय, एवढं म्हण."

कावळा भिंतीवरून उतरला आणि उड्या मारत पिंडाच्या अगदी जवळ येऊन थांबला. सगळे अविनाशकडे बघू लागले. अविनाशने मागे उभ्या असलेल्या बिल्डरकडे बघितलं.



"गुरुजी," तो म्हणाला, "दर्भाचा कावळा करून टाका."