भजन काही संपेना

"आज कुठं दुखतंय?" बालकृष्णांनी रोजच्यासारखं बायकोला विचारलं.

"कुठं दुखत नाही ते विचारा," श्रीरंजनीनं रोजचंच उत्तर दिलं.

सगळं अंग दुखवणाऱ्या तिच्या फायब्रोमायल्जियावर डॉक्टरांनी घरातल्या घरात हळूहळू चालायला सांगितलं होतं आणि ते रोज उद्यावर जात होतं. आज नवऱ्यानं हॉलमध्ये मधोमध समई ठेवली आणि भजन धरलं. भजन चालू असताना दिव्याभोवती फिरायचं, ही कुंभकोणमच्या त्यांच्या घराची जुनी रीत. ती मोडवेना, म्हणून श्रीरंजनी उठली.

त्यांचा घसा बसला, सूर फाटला, तरी भजन काही संपेना.

"अहो, थांबा की आता."

"तू फिरतेस तोवर कसा थांबू?"

"आणि तुम्ही गाताय तोवर मी कशी बसू?"

हसून हसून दोघंही खाली बसली.

"दुखतंय?"

"दुखतंय तर," ती डोळे पुसत म्हणाली, "पण आज पोटाचा पहिला नंबर."