अडलं तेव्हा

जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच नवी चढवल्यापासून इस्पितळाचा सर्व्हर दर तासाला कोसळत होता. केसपेपर निघेनात, रुग्ण खोळंबले आणि संगणक विभाग आता एकटीने पाहणाऱ्या तिचे उपाय थकले. शेवटी तिने काकांना फोन लावला. पंचवीस वर्षं सर्व्हर सांभाळणाऱ्या काकांना साहेबांनी महिन्यापूर्वीच घरी बसवलं होतं आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या तिने तेव्हा तोंडातून ब्रही काढला नव्हता. काकांनी उणीदुणी काढली नाहीत. "डिस्कचा जुना ड्रायव्हर मागे राहिला असेल. तो काढून नवा टाक," ते म्हणाले. तिने तसं केलं. काका दोन तास फोनवरच थांबले; सर्व्हर एकदाही पडला नाही. इतक्यात साहेब हसत आले. "बघ, म्हाताऱ्यावाचून काही अडलं का?" "नाही, साहेब," तिच्या तोंडून सवयीने निसटलं. फोनचा स्पीकर चालूच होता. त्यातून काकांचा आवाज आला, "बॅकअप तेवढा तपासून घे, पोरी."