वेगळी वाटी
जन्मताना मुलाच्या रक्तात आपलाच काविळीचा विषाणू उतरला, हे कळल्यापासून लानफांग स्वयंपाकघरात एकटीच जेवायची. वाटी वेगळी, चॉपस्टिक्स वेगळ्या. जेवणातून तो पसरत नाही, असं डॉक्टरांनी सांगूनही. आता त्याच विषाणूमुळे मोठ्या झालेल्या मुलाच्या यकृतात कर्करोगाची गाठ होती. परवा ग्वांगचौ शहरातल्या डॉक्टरांनी त्या गाठीत सुईने दुसरा विषाणू सोडला, फक्त गाठच खाईल असा घडवलेला. "चार दिवस यांची भांडी वेगळी ठेवा," नर्स म्हणाली होती. आज तो तापलेल्या अंगाने आपली वाटी घेऊन स्वयंपाकघरात तिच्याशेजारी बसला. "सरक, आई. आता आपण एकाच पंगतीतले." त्याने आपल्या चॉपस्टिक्सनी माशाचा तुकडा तिच्या वाटीत ठेवला. "खा. गार होतोय." तिला कुणी असं वाढून वर्षं लोटली होती. तिने तो खाल्ला. चव लागली नाही. तरी तिने आणखी एका तुकड्यासाठी वाटी त्याच्यापुढे केली.