शेवटची नऊ पानं

"ही वाचकांची शुद्ध फसवणूक आहे," गणिताचे निवृत्त मास्तर उभे राहून म्हणाले, आणि मागच्या रांगेत बसलेल्या ग्रंथपालबाई खुर्चीत आणखी खाली सरकल्या.

दुपारचा प्रयोग नुकताच संपला होता. शहरातून आलेल्या नाटकमंडळींनी प्रेक्षकांना चर्चेसाठी थांबवून घेतलं होतं. रंगमंचावर दोन खुर्च्या होत्या. एकीत दिग्दर्शक, दुसरीत मूळ कादंबरीचे लेखक. लेखकांनी चाळीस वर्षांपूर्वी ही एकच कादंबरी लिहिली होती आणि तेव्हापासून ते अशा खुर्च्यांवरच बसत आले होते.

मास्तरांचं म्हणणं सरळ होतं. घर सोडून गेलेली नायिका कादंबरीत शेवटी नवऱ्याच्या दारापर्यंत येते, कडीला किल्ली अडकवते आणि आत न जाता मागं फिरते. नाटकात मात्र ती बया सरळ आत गेली, नवऱ्याची माफी मागितली आणि वर त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण शिवून दिलं. एवढ्यासाठी आम्ही अडीच तास अवघडून बसलो का, असं मास्तरांनी विचारलं. टाळ्या पडल्या. नाटकाला पडल्या होत्या त्याच्या दुप्पट.

मग औषधांच्या दुकानवाल्या वहिनी उठल्या. त्या चारचौघांत कधी बोलत नसत. तो शेवट आपण दोनदा वाचला, त्यानंतरच नवऱ्याच्या दुकानात राबणं सोडून स्वतःचं दुकान टाकलं, असं त्यांनी सांगितलं आणि लगेच खाली बसल्या. शेजारी बसलेला नवरा छताचे पंखे मोजू लागला.

दिग्दर्शक बिचारा शपथेवर सांगत होता की पुस्तकात आहे तेच त्यानं दाखवलंय, एक ओळ बदललेली नाही. दिग्दर्शकाच्या शपथेवर कोण विश्वास ठेवतो?

बाई ठेवत होत्या. खरं बोलणारा त्या सभागृहात तो एकटाच होता, हे फक्त त्यांना ठाऊक होतं.

गावात या कादंबरीची एकच प्रत होती, वाचनालयातली. बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेल्या खोक्यातून ती आली तेव्हाच तिची शेवटची नऊ पानं गायब होती. अशा वेळी दुसऱ्या वाचनालयाची प्रत मागवायची, हरवलेली पानं टाइप करून चिकटवायची आणि खाली शिक्का मारायचा, अशी पद्धत होती. बाईंनी चार वाचनालयांना विचारलं. कुणाकडेच प्रत नव्हती. प्रकाशकाला घातलेलं पत्र जसंच्या तसं परत आलं. इकडे पाय मोडून घरी पडलेले मास्तर रोज चिठ्ठी पाठवत होते, शेवट कधी मिळणार म्हणून. शेवटी एका दुपारी बाईंनी कपाटामागच्या टेबलाशी बसून नऊ पानं स्वतःच रचली, टाइप केली, चिकटवली. खाली शिक्का मारला : 'मूळ प्रतीवरून टंकलिखित'.

एका मास्तरांपुरतं खोटं, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं. पण मास्तरांचं तोंड म्हणजे गावाची दवंडी. पुस्तकाच्या मागची तारखांची चिठ्ठी भरून गेली म्हणून आजवर तीनदा बदलावी लागली होती.

"वाचनालय समोरच आहे आणि बाई इथंच बसल्यात," मास्तर गरजले. "पुस्तक आणू आणि सगळ्यांसमोर वाचू."

सगळ्या माना मागं वळल्या. बाईंनी मांडीवरची पर्स जवळ ओढली. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. तीस वर्षांच्या नोकरीत एक पान इकडचं तिकडं झालं नव्हतं, आणि आता खोट्या शिक्क्याचा डाग घेऊन घरी जावं लागणार होतं. पण तिकडे त्या दिग्दर्शकाला विनाकारण शिव्या बसत होत्या. एकदाचं सांगून मोकळं व्हावं म्हणून त्या उठल्या.

तेवढ्यात लेखकांनी माइक ओढून घेतला. मघापासून ते डोळे अर्धे मिटून ऐकत होते. किल्ली कुठं अडकवते म्हणालात, एवढं त्यांनी मास्तरांना पुन्हा विचारून घेतलं. मग घसा खाकरला.

"मास्तरांचं बरोबर आहे. मी तसंच लिहिलं होतं. या नाटकवाल्यांनी बदललं."

सभागृह दणाणलं. दिग्दर्शक खुर्चीतून अर्धवट उठला. बाई मटकन खाली बसल्या. आधी त्यांना हायसं वाटलं. मग अंगाचा असा तिळपापड झाला की पर्सचा बंद तुटायचाच बाकी राहिला. ती किल्ली त्यांची होती. ते एक वाक्य त्यांनी चौदा वेळा टाइप केलं होतं. बावीस वर्षं त्या स्वतःला चोर समजत आल्या होत्या, आणि आज हा माणूस भर सभेत त्यांचा माल खिशात घालून टाळ्या घेत होता.

बाहेर पायऱ्यांवर लेखकांनी त्यांना गाठलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते हळूच म्हणाले, "बाई, ती तुमच्याकडची प्रत जरा मला वाचायला द्याल? शेवट नीटसा आठवत नाही हो."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. पर्स काखेत घट्ट धरली.

"पुस्तक फक्त सभासदांना मिळतं. उद्या येऊन अर्ज भरा," त्या म्हणाल्या. "आणि एक नियम आधीच सांगून ठेवते, पुस्तकात आपल्या मनानं काही लिहायचं नाही."